तीनशे रुपयांचा सांता

आमच्या सातपूरच्या कंपनीत यंदा सीक्रेट सांता निघाला. एचआरच्या पोरीने बरणीतून चिठ्ठ्या फिरवल्या आणि नियम सांगितले: चिठ्ठीत ज्याचं नाव, त्याला नाताळची भेट द्यायची, खर्च तीनशेच्या आत, देणाऱ्याचं नाव गुप्त. माझ्या चिठ्ठीत अकाउंट्सच्या मॅडम निघाल्या.

या बाईंनी माझ्या पुण्याच्या दौऱ्याच्या बिलातून एक चहा कापला होता. ‘एका माणसाला सिन्नरला दोन चहा कसे?’ अशी लाल पेनाने शंका काढून. आता दोनशे ऐंशीची वस्तू दिली तर वीस रुपये मी खाल्ले असं होणार, तीनशे वीसची दिली तर मर्यादा ओलांडली म्हणून खुलासा मागणार.

घरी विषय काढला. आईचा पहिला प्रश्न, “त्यांनी आपल्याला काय दिलं होतं?”

आमच्याकडे आहेराची वही आहे. कुणी एकावन्न दिले, कुणी स्टीलचा डबा दिला, कुणी नुसतेच जेवून गेले, सगळं तारखेसकट. कुणाकडे कार्य निघालं की वही उघडायची, त्यांचा आकडा बघायचा, महागाई धरून थोडा वाढवायचा. प्रश्न मिटला. त्या वहीत ‘गुप्त’ असा रकानाच नाही.

“आणि तीनशे काय?” आई म्हणाली. “शून्यावर संपणारा आकडा देतं का कुणी? तीनशे एक कर.”

“आई, मर्यादा आहे.”

“एका रुपयाने कसली मर्यादा मोडते?”

आईने मॅडमना पाहिलेलं नाही.

शेवटी शेजारच्या मावशींकडे गेलो. सण त्यांचा, तेव्हा रीतही त्यांनाच ठाऊक. आमचा दिवाळीच्या फराळाचा डबा त्यांच्याकडे जातो तो नाताळलाच परत येतो, करंज्या, शंकरपाळे आणि वर केक घेऊन. मावशी तेव्हाही करंज्याच तळत होत्या. बायबलात बाळ येशूला बघायला आलेल्या मागी लोकांनी, म्हणजे पूर्वेकडच्या ज्ञानी माणसांनी, सोनं, ऊद आणि गंधरस आणला होता, हे त्यांनी सांगितलं. सोन्याचा आजचा भाव आठवून मी गप्प बसलो. मग त्यांनी संत निकोलसची कथा सांगितली. हा चौथ्या शतकातला मायराचा बिशप. एका गरीब बापाच्या तीन मुलींची लग्नं हुंड्यापायी अडली होती. याने रात्रीच्या अंधारात खिडकीतून सोन्याच्या थैल्या टाकल्या. पुढे त्याचाच सांता झाला.

म्हणजे मूळ प्रकार लग्नकार्यातलाच निघाला! मला एकदम धीर आला. लग्नकार्य म्हटलं की नाशिककराचे पाय आपोआप भांडी बाजाराकडे वळतात.

रविवार कारंजापाशी गाडी लावायला पाऊण तास गेला, त्याबद्दल न बोललेलं बरं. दुकानात तांब्याची एक छोटी लोटी आवडली. गुबगुबीत, गळ्याशी एकच रेघ. दुकानदाराने ती तराजूत टाकली, कॅल्क्युलेटर बडवला, आणि घासाघीस होऊन अडीचशेला पटली. उरले पन्नास.

“नाव काय घालू?” मशीन हातात घेत तो म्हणाला.

“नाव नाही घालायचं.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी लोटी चोरून नेत असल्यासारखं. “साहेब, नाव न घालता भांडं कोण देतं?”

खरंच होतं त्याचं. आपल्याकडे देणाऱ्याचं नाव भांड्यावर शंभर वर्षं टिकतं, भांडं चेपलं तरी. मी म्हटलं, “सांताक्लॉज घाला.”

“पुढे ‘यांजकडून’?”

“अक्षराचे किती?”

“दहा.”

“नको. नुसतं सांताक्लॉज. चार अक्षरं, चाळीस.”

“पाच. जोडाक्षराचे दोन धरतो.”

एरवी मी ‘क्लॉ’ हे एकच अक्षर असल्याबद्दल तासभर भांडलो असतो. पण अडीचशे अधिक पन्नास. मी त्याचे हात धरायचेच बाकी ठेवले. टर्र्र करत सुई फिरली, तांब्यावर ठिपक्या-ठिपक्यांचा सांताक्लॉज उमटला. ‘ज’ जरा कलंडला, पण असो.

आईने लोटी चिंचेने घासून लखलखीत केली आणि स्वतःच कागदात बांधली.

चोवीस तारखेला कँटीनमध्ये वाटप झालं. मला कॉफीचा मग आला. घरातला सातवा. मग मॅडमनी कागद सोडला. त्यांनी लोटी तळहातावर तोलली. “अडीचशेच्या आसपास,” त्या पुटपुटल्या. मग चष्मा वर करून अक्षरांवर बोट फिरवलं. “सां, ता, क्लॉ… जोडाक्षराचे दोन… ज. पन्नास. तीनशे.”

मी श्वास सोडला. एचआरच्या पोरीने टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात मॅडमनी लोटी कलती केली आणि आत काहीतरी खळकन वाजलं. तांदळाचे चार दाणे, एक सुपारी आणि रुपयाचं नाणं टेबलावर घरंगळत आलं. भांडं रिकामं द्यायचं नसतं.

मॅडमनी नाणं उचललं, सुपारी उचलली, आणि सगळ्यांना सोडून थेट माझ्याकडे पाहिलं.

“तीनशे एक,” त्या म्हणाल्या. “सुपारी वेगळी.”