थँक्सगिव्हिंग १६२१ पासून ‘अखंड’ चालू आहे? नाही.

नोव्हेंबर लागला की न्यू जर्सीतल्या मावसबहिणीपासून बे एरियातल्या वर्गमित्रापर्यंत सगळ्यांच्या ग्रुपवर एकच मजकूर फिरायला लागतो. थोडक्यात असा: इंग्लंडहून आलेल्या पिलग्रिम लोकांनी १६२१ साली पहिलं पीक हाती आल्यावर देवाचे आभार मानले, शेती शिकवणाऱ्या मूळनिवाशांना मानाने जेवायला बोलावलं, टर्की शिजवली, आणि तेव्हापासून आजतागायत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी हा सण अखंड साजरा होतो. शेवटी नेहमीचं शेपूट: ‘त्यांनी परंपरा जपली, आपण मात्र विसरलो.’

सणाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. चार दिवस सुट्टी आणि भरलेलं ताट कुणाला नको असतं? पण या मजकुरातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य कुठे ना कुठे घसरलेलं आहे.

‘अखंड’पासून सुरुवात करू, कारण सगळ्यात मोठी थाप तीच. १६२१ च्या त्या जेवणाची पिलग्रिमांच्या प्लिमथ या वस्तीत दरवर्षीची प्रथा पडली नाही. त्या मंडळींच्या लेखी थँक्सगिव्हिंग म्हणजे प्रार्थनेचा दिवस, आणि तो कारण घडलं की जाहीर व्हायचा. १६२३ मध्ये पिकं करपायच्या बेतात असताना पाऊस आला, तेव्हा त्यांनी असा दिवस पाळला. न्यू इंग्लंडात, म्हणजे अमेरिकेच्या त्या ईशान्य भागात, पुढे शरद ऋतूत असे दिवस पाळायची पद्धत रुळली, पण देशाचा सण व्हायला फार वेळ लागला. वॉशिंग्टननी २६ नोव्हेंबर १७८९ हा दिवस जाहीर केला. जेफरसननी मात्र राष्ट्राध्यक्ष असताना असले धार्मिक दिवस जाहीर करायला साफ नकार दिला.

आजचा सण खरा उभा केला सारा जोसेफा हेल या बाईंनी. ‘गोडीज लेडीज बुक’ या खपाच्या मासिकाच्या त्या संपादक. १८४० च्या दशकापासून त्या अग्रलेख लिहीत होत्या, गव्हर्नरांना आणि एकामागून एक राष्ट्राध्यक्षांना पत्रं पाठवत होत्या: सगळ्या राज्यांनी एकाच दिवशी थँक्सगिव्हिंग पाळावं. २८ सप्टेंबर १८६३ ला त्यांनी लिंकनना लिहिलं आणि ३ ऑक्टोबरला जाहीरनामा निघाला. यादवी युद्ध ऐन भरात होतं, गेटिसबर्गच्या लढाईला तीनच महिने झाले होते. त्या जाहीरनाम्यात विधवा, अनाथ आणि शोकग्रस्तांसाठी प्रार्थना आहे. पिलग्रिमांचा उल्लेखसुद्धा नाही.

आणि लिंकननी नेमला होता शेवटचा गुरुवार, चौथा नव्हे. १९३९ च्या नोव्हेंबरात पाच गुरुवार आले. शेवटचा धरला तर नाताळच्या खरेदीला दिवस कमी पडतात, म्हणून दुकानदारांनी रूझवेल्टना साकडं घातलं आणि त्यांनी सण आठवडाभर अलीकडे ओढला. काही राज्यांनी ऐकलं, काहींनी नाही, टेक्सासने तर दोन्ही गुरुवारी सुट्टी दिली. (तिथी की तारीख हा वाद आपल्याला नवा नाही.) हा घोळ निस्तरायला डिसेंबर १९४१ मध्ये कायदा झाला, तेव्हा कुठे ‘चौथा गुरुवार’ पक्का झाला.

आता ‘मानाने जेवायला बोलावलं’. त्या जेवणाबद्दल तिथे हजर असलेल्या माणसाने लिहिलेला मजकूर म्हणजे एडवर्ड विन्सलोचं डिसेंबर १६२१ चं पत्र, तेही एका परिच्छेदापुरतं. गव्हर्नरने चार जणांना पक्षी मारायला पाठवलं, त्यांनी एका दिवसात आठवडाभराची शिकार आणली. बंदुकींचे खेळ झाले. वाम्पनोआग या तिथल्या मूळनिवासी समाजाचा प्रमुख मॅसासॉइट नव्वद माणसं घेऊन आला आणि तीन दिवस राहिला. आमंत्रणाचा शब्द नाही. बंदुकींचे आवाज ऐकून ते आले असावेत, असा काही इतिहासकारांचा तर्क आहे. मेफ्लॉवर जहाजातून आलेल्या १०२ प्रवाशांपैकी जेमतेम निम्मे जिवंत होते, त्यात प्रौढ बायका चारच. म्हणजे पाहुणे यजमानांच्या जवळजवळ दुप्पट, आणि त्या पाहुण्यांनीच पाच हरणं मारून आणली.

म्हणून त्या पंगतीत हरणाचं मांस नक्की होतं. टर्की असू शकेल. त्या मोसमात रानटर्की भरपूर मिळाल्याचं वस्तीचा गव्हर्नर ब्रॅडफर्डने लिहिलंय, पण विन्सलो नुसतं ‘पक्षी’ म्हणतो. कुस्करलेला बटाटा नव्हता, कारण न्यू इंग्लंडात तेव्हा बटाटाच नव्हता. भोपळ्याचा ‘पाय’ (पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) करायला गव्हाचं पीठ कुठलं? वीसेक एकरांवर पेरलेला मका तेवढा उत्तम आला होता.

टर्की खाल्ल्यावर येणारी झोप ट्रिप्टोफॅन या प्रथिनातल्या घटकामुळे येते, हेही त्याच मजकुराला कुणीतरी जोडून दिलंय. ट्रिप्टोफॅन कोंबडीतही साधारण तितकंच असतं. झोप येते ती तीन वेळा वाढून घेतल्यामुळे. आणि एका टर्कीला ‘माफी’ देऊन जिवंत सोडायची व्हाइट हाउसची प्रथा राष्ट्राध्यक्ष ट्रुमननी सुरू केली असं सांगतात, पण ती सुरू केली १९८९ मध्ये थोरल्या बुशनी.

राहिली मैत्री. मका पेरायला शिकवणारा टिस्क्वान्टम हा पटक्सेट गावचा. १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने त्याला पळवून स्पेनमध्ये विकायला नेलं. लंडनमार्गे तो १६१९ मध्ये परतला, तोवर साथीच्या रोगाने अख्खं गाव संपलं होतं. पिलग्रिमांनी वस्ती केली ती त्याच ओसाड गावाच्या जागी. मॅसासॉइटने १६२१ मध्ये केलेला तह त्याच्या हयातीत टिकला, पण १६७५ मध्ये त्याच्याच मुलाचं, मेटाकॉमचं, इंग्रजांशी युद्ध पेटलं. पुढच्या वर्षी मेटाकॉम मारला गेला आणि त्याचं मुंडकं प्लिमथमध्ये खांबावर टांगलं गेलं, ते कित्येक वर्षं तसंच होतं.

मेफ्लॉवर येऊन ३५० वर्षं झाली तेव्हा, १९७० मध्ये, मॅसॅच्युसेट्समधल्या सोहळ्यात बोलायला वाम्पनोआग समाजातल्या फ्रँक जेम्स यांना बोलावलं होतं. आयोजकांनी भाषण आधी वाचायला मागितलं, वाचलं, आणि ‘हे चालणार नाही’ म्हणून कळवलं. बदलून लिहिलेलं भाषण वाचायला जेम्स तयार झाले नाहीत. त्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या दिवशी प्लिमथच्या कोल्स हिलवर मूळनिवासी शोकदिन पाळायला जमले, आणि तो आजही दरवर्षी त्याच दिवशी तिथेच पाळला जातो. जेम्स यांचं ते नाकारलेलं भाषण इंटरनेटवर आहे. पुढच्या नोव्हेंबरात काही फॉरवर्ड करायचंच असेल तर ते करा.