रडलेल्या आईचं दूध मोरीत ओतू नका

परवा दुपारी धायरीला धाकट्या बहिणीकडे गेले, तर ती मोरीपाशी उभी राहून वाटीतलं दूध ओतत होती. पंपाने काढलेलं, जेमतेम चार चमचे. तेवढं काढायला तिला अर्धा तास लागला होता. म्हणाली, "ताई, सकाळी मी खूप रडले गं. हे तिला कसं देऊ?" तिची मुलगी दोन महिन्यांची. आठव्या महिन्यातच झाली, अकरा दिवस पेटीत होती.

मग तिने फोन दाखवला. सासरच्या ग्रुपवर आलेला लांबलचक मेसेज, 'तुमचं बाळ तुम्हाला आई मानतं का?' माझ्याकडे तो त्याच आठवड्यात आणखी दोन ग्रुपांवरून आला होता. त्यातलं म्हणणं असं: पहिल्या तासात बाळ आईच्या छातीशी लागलं नाही तर नातं जुळतच नाही. रडणाऱ्या आईचं दूध विषारी होतं. आईचा चेहरा दोन मिनिटं उतरला तरी बाळाच्या मनावर कायमचा ओरखडा उठतो. रडल्याबरोबर उचललं तर बाळ लाडावतं. आणि शेवटी ठळक अक्षरांत, 'खरी आई घरातला ताण उंबऱ्याबाहेर ठेवूनच बाळाला जवळ घेते.'

आधी दुधाचं, कारण ते मोरीतून वाहून जाताना मी पाहिलंय. रडल्याने दूध विषारी होत नाही. यात खरं आहे ते एवढंच की ताणाखाली पान्हा उशिरा फुटतो. ऑक्सिटोसिन नावाच्या संप्रेरकामुळे दूध वाहतं, आणि भीती, वेदना, भांडण यांनी ते अडखळतं. ताणात वाढणारं कॉर्टिसॉल थोडंफार दुधात उतरतं हेही खरं. पण म्हणून दूध फेकायचं नसतं. वेळेआधी जन्मलेल्या लेकराला तर त्या चार चमच्यांचं मोल औषधाइतकं आहे. पान्हा अडतोय तर बाईला शांत बसू द्या, पाठीवरून हात फिरवा, बाळ उघड्या छातीशी द्या. ती रडली म्हणून तिला घाबरवलंत तर पान्हा आणखी अडेल.

पहिल्या तासाची गोष्ट अमेरिकेतल्या मार्शल क्लाउस आणि जॉन केनेल या डॉक्टरांच्या १९७२ च्या अभ्यासावरून पसरली. त्यात आया होत्या फक्त २८. पुढे त्यांनी स्वतःच तो दावा बराच सौम्य केला. जन्मल्याबरोबर बाळाला छातीशी घेणं चांगलंच, त्याने ऊब मिळते आणि अंगावर पाजणं लवकर जमतं. पण तो तास हुकला म्हणजे सगळं हुकलं, असं नाही. तसं असतं तर दत्तक घेतलेली मुलं कुणालाच बिलगली नसती.

'लाडावतं' याला तर मेरी एन्सवर्थ आणि सिल्व्हिया बेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्येच उत्तर दिलंय. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमधल्या २६ बाळांच्या घरी वर्षभर जाऊन त्यांनी पाहिलं. ज्यांच्या रडण्याला लवकर ओ मिळाली, ती वर्षाच्या शेवटी कमी रडत होती. उचला बाळाला.

चेहऱ्याचा मुद्दा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एड ट्रॉनिक यांच्या प्रयोगातून उचललेला दिसतो. आई बाळाशी खेळता खेळता दोन-तीन मिनिटं चेहरा दगडासारखा करते. बाळ हसून बघतं, हात पसरतं, मग मान फिरवतं, रडतं. पाहवत नाही ते. पण त्याच प्रयोगात पुढे आई परत बोलू लागते, आणि बाळ हळूहळू सावरतं. मेसेजमध्ये हा भागच नाही. ट्रॉनिक यांच्याच कामातून दिसलं की चांगल्या जोडीतसुद्धा आई आणि बाळ यांचा सूर जुळतो तो फार तर एक तृतीयांश वेळ. बाकी वेळ चुकणं आणि परत जुळवून घेणं चालू असतं. बाळ त्यातूनच शिकतं की बिनसलेलं परत जुळतं.

हो, महिनोन्‌महिने आईचा चेहरा विझलेला राहिला, घरात मारहाण असली, तर बाळावर परिणाम होतो. ते मी नाकारत नाही. म्हणूनच त्या शेवटच्या वाक्याचा मला सर्वांत जास्त राग आहे.

ताण येतो कुठून? मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात २७० गरोदर बायकांना गाठलं आणि बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत त्यांची विचारपूस केली. २००२ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के जणींना नैराश्य होतं. त्यातल्या निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनीही सावरल्या नव्हत्या. आणि नैराश्य आलेल्या या २३ टक्क्यांपैकी ७८ टक्के जणींचं मन पोटुशी असतानाच बिघडलेलं होतं. कारणं कुठली? पैशांची ओढाताण, नवऱ्याशी बिनसलेलं नातं. मुलगा झाला की मुलगी, यावरही फरक पडत होता. आता सांगा, यातलं काय त्या बाईने एकटीने उंबऱ्याबाहेर ठेवायचं?

माझ्या बहिणीच्या दोन खोल्यांत सासऱ्यांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस, नवऱ्याची गेलेली नोकरी, आणि पोर पेटीत असताना तिने स्वतःच्या कानांनी ऐकलेलं "मुलगीच ना शेवटी" हे वाक्य, सगळं एकत्र नांदतंय. ज्यांनी ते म्हटलं त्यांनीच हा मेसेज टाकलाय. बाळाची इतकी काळजी असेल तर बाळंतिणीला ताट वाढून द्या, सलग चार तास झोपू द्या, मुलगी झाली म्हणून तोंड पाडू नका. आणि दोन आठवडे उलटूनही तिचं रडू थांबत नसेल, खाणं-झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर डॉक्टरकडे न्या. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

हेच सगळं मी त्या ग्रुपवरही लिहिलं. अजून कुणी काही बोललेलं नाही. पण काल रात्री दोनला तिच्या नवऱ्याने स्वतः उठून बोंडल्याने दूध पाजलं. ती सकाळी साडेसहापर्यंत झोपली. फोनवर सांगत होती, उठल्यावर मुलीला मांडीवर घेतलं तर पोर बराच वेळ टक लावून बघत होती तिच्याकडे.