ब्लॅक माणसासाठी अमेरिकेतलं चांगलं शहर कुठलं? माझं उत्तर अटलांटा नाही

अटलांटा म्हणजे ब्लॅक लोकांची मक्का, हे इथे अटलांटाजवळ राहून इतक्यांदा ऐकलंय, ऑफिसातल्या ब्लॅक मैत्रिणींकडून पण आणि आपल्या मराठी लोकांकडून पण, की म्हटलं एकदा बसून नीट लिहावं. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. मत आधीच सांगून टाकते. ज्याच्याकडे डिग्री आहे, थोडं भांडवल आहे, चार ओळखी आहेत त्याच्यासाठी अटलांटा नंबर एक, त्यात वादच नाही. पण ज्या पोराची आई दोन ठिकाणी शिफ्ट करते, घर भाड्याचं, गाडी एकच आणि तीही धड चालेल याचा भरवसा नाही, त्या पोराला अटलांटा वर येऊ देत नाही. आणि शहर चांगलं की वाईट हे मी त्या पोरावरून ठरवते, बकहेडसारख्या श्रीमंत भागातल्या बंगल्यांवरून नाही.

आता अटलांटाचं जे मोठेपण आहे ते मान्य करायलाच हवं, कारण ते काही कोणी फुकट दिलेलं नाही. अलोन्झो हर्नडन हा माणूस १८५८ मध्ये गुलामगिरीत जन्मला, पुढे न्हावीकाम शिकला, पीचट्री स्ट्रीटवर त्याचं सलून इतकं भारी होतं की शहरातले बडे गोरे वकील, पुढारी तिथे दाढीला यायचे, आणि त्या पैशातून त्याने १९०५ मध्ये विमा कंपनी उभी केली जी पुढे अटलांटा लाइफ म्हणून देशभर नावारूपाला आली. ऑबर्न ॲव्हेन्यूवर एका रस्त्यात ब्लॅक लोकांची बँक, विमा, चर्च, वर्तमानपत्र, सगळं होतं. मार्टिन ल्यूथर किंग यांचं जन्मघर त्याच रस्त्यावर. शहराच्या पश्चिमेला मोअरहाउस, स्पेलमन, क्लार्क अटलांटा ही ब्लॅक लोकांची कॉलेजं. पुढे मोअरहाउसचे अध्यक्ष झालेले बेंजामिन मेझ, ज्यांना किंग आपले गुरू मानत, ते १९३७ च्या सुमारास आपल्या वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटून गेले होते, हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असतं. किंग तेव्हा आठ वर्षांचेही नव्हते.

पण अटलांटाचा ब्लॅक मध्यमवर्ग खरा मोठा झाला तो १९७३ नंतर, आणि तो काही हवापाण्याने नाही झाला. त्या वर्षी मेनार्ड जॅक्सन निवडून आले, शहराचे पहिले ब्लॅक महापौर, वय पस्तीस. त्या आधी शहराच्या कंत्राटांमधला एक टक्कासुद्धा मायनॉरिटी कंपन्यांकडे जात नव्हता, आणि शहरात निम्म्याहून जास्त लोक ब्लॅक! जॅक्सननी सांगितलं, नवीन एअरपोर्ट टर्मिनल बांधायचंय ना, मग कामाचा साधारण चौथा हिस्सा मायनॉरिटी कंपन्यांना मिळालाच पाहिजे, नाहीतर काम होणार नाही. बिझनेसवाले खवळले, वर्तमानपत्रांनी झोडपलं, हा गडी हटला नाही. टर्मिनल १९८० मध्ये उघडलं. काँक्रीटवाले, वायरिंगवाले, खाण्याचे स्टॉलवाले, जाहिरातवाले, अशा कितीतरी ब्लॅक उद्योजकांना पहिलं मोठं काम त्या एअरपोर्टने दिलं. आज आपण मुंबईहून येऊन ज्या एअरपोर्टवर उतरतो त्याच्या नावात हार्ट्सफील्डच्या पुढे जॅक्सन आहे ते हेच.

मग घोडं अडतं कुठे? तर भारतीय वंशाचे अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये देशभरातल्या टॅक्स रेकॉर्डवरून एक अभ्यास केला. सगळ्यात गरीब पाचव्या हिश्श्यातल्या घरात वाढलेलं मूल मोठेपणी सगळ्यात वरच्या पाचव्या हिश्श्यात पोचण्याची शक्यता किती? अटलांटा भागात ४.५ टक्के. मोठ्या पन्नास भागांत तळाशी, खाली फक्त शार्लट वगैरे. वॉशिंग्टन डीसी भागात साधारण ११ टक्के. हे आकडे सगळ्या वंशांचे मिळून आहेत हे खरं, आणि याच टीमने २०१८ मध्ये दाखवलं की एकाच उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांमध्येसुद्धा ब्लॅक मुलगा मोठेपणी गोऱ्या मुलापेक्षा कमी कमावतो, आणि हे देशातल्या ९९ टक्के वस्त्यांमध्ये खरं आहे. म्हणजे निर्दोष शहर कुठलंच नाही. पण साडेचार आणि अकरा यातला फरक एका अख्ख्या आयुष्याचा आहे हो.

अटलांटात असं का, याचं मोठं कारण मला रोज दिसतं. नोकऱ्या उत्तरेला, गरीब ब्लॅक वस्ती दक्षिणेला आणि पश्चिमेला, आणि मधे ट्रेन अर्ध्यावर संपते. मार्टा, म्हणजे अटलांटाची ट्रेन-बस सेवा, सुरू करायच्या वेळी शेजारच्या कॉब काउंटीने (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) १९६५ मध्येच नाही म्हटलं, ग्विनेट आणि क्लेटनने १९७१ मध्ये. का नाही म्हटलं? टॅक्सचं कारण दिलं गेलं, पण ट्रेन आली की शहरातले ब्लॅक लोक आपल्याकडे येतील ही भीती त्याच्या खाली होती, आणि हे इथली जुनी माणसं आजही मान्य करतात. क्लेटन २०१४ मध्ये सामील झालं, तोवर त्रेचाळीस वर्षं गेली! माझ्या ऑफिसच्या बिल्डिंगमध्ये संध्याकाळी साफसफाईला येणारी एक बाई दक्षिण अटलांटातून यायची, ट्रेन, मग बस, मग उरलेलं चालत, फूटपाथ नसलेल्या रस्त्याच्या कडेने, पावसात पायाला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून. जायला यायला रोजचे साडेतीन तास. तिचा मुलगा शाळेतून आल्यावर घरी एकटा. अशा घराला मक्का वगैरे शब्द ऐकवायला तोंड धजावत नाही. त्यात भर म्हणजे शहर महाग झालं, बेल्टलाइनच्या, म्हणजे जुन्या रेल्वेमार्गावर केलेल्या पायवाटेच्या, आजूबाजूची भाडी वाढली, आणि २०२० च्या जनगणनेत अटलांटा शहरात ब्लॅक लोकसंख्या निम्म्याच्या खाली आली. उपनगरात गेले सगळे, जिथे ट्रेन नाही.

म्हणून माझं मत वॉशिंग्टनच्या बाजूच्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीला, मेरीलँडमध्ये. तिकडे सगळे पीजी म्हणतात. १९७० मध्ये ही काउंटी बहुतांश गोरी होती, १९९० पर्यंत निम्म्याहून जास्त ब्लॅक झाली, आणि गंमत नाही ही, वस्ती बदलत असताना ती गरीब न होता श्रीमंत होत गेली, जे अमेरिकेत एरवी फार क्वचित होतं. बोई, मिचेलव्हिल या भागात जाऊन बघा. मोठी विटांची घरं, अंगणात बार्बेक्यू, आणि त्या घरात राहणारी माणसं कोण? कोणी रॅपर नाही, कोणी फुटबॉलपटू नाही. जनगणना खात्यातली अकाउंटंट, नासाच्या गॉडर्ड सेंटरमधला टेक्निशियन, शाळेची प्रिन्सिपल, पोस्टातून रिटायर झालेले आजोबा. सरकारी नोकरी. जीएस ग्रेडचा, म्हणजे केंद्र सरकारी श्रेणींचा, पगाराचा तक्ता सगळ्यांसाठी एकच आणि उघडा, मॅनेजरला तोंड बघून पगार ठरवता येत नाही, पेन्शन आहे, आरोग्यविमा आहे. नोकरीत भेदभाव संपला असं मी म्हणत नाही, याच सरकारी ऑफिसांत राष्ट्राध्यक्ष विल्सनच्या काळात १९१३ पासून गोऱ्या-काळ्यांची टेबलं वेगळी केली होती. पण लढून लढून ते दार उघडलं आणि त्या दारातून हजारो घरं वर आली. आपल्याकडे रेल्वेत, एसटीत, बँकेत आरक्षणातून लागलेल्या एका नोकरीने अख्खं घर कसं उभं राहिलं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. आणि हो, मेट्रो काउंटीत आत येते, ब्रँच ॲव्हेन्यूपर्यंत, लार्गोपर्यंत.

पीजीचं पण सगळं गोड नाही. २००८ च्या मंदीत मेरीलँडमध्ये सगळ्यात जास्त जप्त्या इथेच आल्या, कारण चांगला क्रेडिट स्कोअर असलेल्या ब्लॅक कुटुंबांनासुद्धा बँकांनी महागडी सबप्राइम लोन गळ्यात मारली होती. तेवढ्याच उत्पन्नाच्या गोऱ्या काउंटीत जी दुकानं येतात ती इथे यायला वर्षानुवर्षं लागतात, घराच्या किमतीही तितक्या वाढत नाहीत. आणि देशपातळीवरचा आकडा बघा: २०२२ च्या फेडरल रिझर्व्हच्या सर्व्हेत मध्यम गोऱ्या कुटुंबाची संपत्ती २,८५,००० डॉलर, ब्लॅक कुटुंबाची ४४,९००. पगार बरोबरीला आला तरी बापजाद्यांचं घर, जमीन, शेअर्स कुठून आणणार? बॉस्टनमध्ये तर, जिथे आपली मुलं मोठ्या अभिमानाने शिकायला जातात, तिथे २०१५ च्या बॉस्टन फेडच्या रिपोर्टमध्ये अमेरिकेत जन्मलेल्या ब्लॅक कुटुंबाची मध्यम संपत्ती ८ डॉलर निघाली. आठ. हजार वगैरे काही राहिलेलं नाही वाचताना.

संस्कृतीचं काय मग? इथे मला खरंच वाईट वाटतं, कारण ज्या शहरांनी सगळ्या जगाला गाणी दिली त्यांचीच सगळ्यात जास्त माती झाली. डेट्रॉइट घ्या. बेरी गॉर्डी यांच्या घरची एक भिशीसारखी योजना होती, भावंडं आणि आईवडील त्यात पैसे टाकायचे, १९५९ मध्ये त्यातून त्यांना ८०० डॉलर कर्ज मिळालं आणि मोटाउन ही रेकॉर्ड कंपनी सुरू झाली, वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या एका साध्या घरात. पण ते ८०० डॉलर शिल्लक राहिले कारण घरातली माणसं कमावती होती, आणि शहरात गाड्यांच्या कारखान्यांचे युनियनवाले पगार होते, त्या पगारावर रेकॉर्ड विकत घेणारं गिऱ्हाईक होतं, शाळांमध्ये बँड होते, पियानो घेणारी घरं होती. नोकरीशिवाय संगीत हवेत तयार होत नाही. त्याच सुमारास हेस्टिंग्ज स्ट्रीट, जिथे ब्लॅक लोकांचे क्लब, दुकानं, डॉक्टरांचे दवाखाने होते, तो पाडून त्यावर हायवे टाकला. १९५० मध्ये साडेअठरा लाखांचं शहर, २०२० मध्ये सहा लाख चाळीस हजारांच्या आत. कोलमन यंग डेट्रॉइटचे पहिले ब्लॅक महापौर झाले तेसुद्धा १९७३ मध्येच, जॅक्सन निवडून आले त्याच वर्षी! एकाच्या हातात वाढणारा एअरपोर्ट आला, दुसऱ्याच्या हातात कारखाने आणि टॅक्स भरणारे दोन्ही सोडून चाललेलं शहर. कर्तबगारी कमी नव्हती हो, तिजोरीत फरक होता. वर २००८ नंतर डेट्रॉइटने पडक्या भावाच्या घरांची किंमत वाजवीपेक्षा जास्त धरून कर लावले आणि ते थकले म्हणून लोकांची घरं काढून घेतली. फेडलेली, स्वतःची घरं.

न्यू ऑर्लिन्सची कथा अजून दुखरी. क्लेबोर्न ॲव्हेन्यूवर ओकच्या मोठ्या झाडांच्या रांगा होत्या, ट्रेमे वस्तीतले ब्लॅक लोक मार्डी ग्राच्या सणाला तिथे सावलीत जमायचे, १९६६ मध्ये ती झाडं तोडली आणि वर आय-टेन हायवेचा उंच पूल आला. लोक अजून त्या पुलाखाली जमतात, खांबांवर झाडांची चित्रं काढलीत. मग २००५ चं कतरिना वादळ. घर पुन्हा बांधायला सरकारने जी मदत दिली ती बांधकामाचा खर्च किंवा घराची वादळाआधीची बाजारभावाची किंमत, यातलं जे कमी असेल त्या हिशोबाने. आता ब्लॅक वस्तीतल्या घराचा बाजारभाव वर्णभेदामुळे आधीच पाडलेला, पण विटा, सिमेंट, मजुरी तर सगळीकडे सारखीच महाग! म्हणजे तेच नुकसान, तेवढंच घर, आणि मदत कमी. हजारो कुटुंबं परतलीच नाहीत, कितीतरी ह्यूस्टनला, अटलांटाला राहिली. न्यू ऑर्लिन्सच्या सेकंड लाइनच्या, म्हणजे बँड लावून नाचत जाणाऱ्या, मिरवणुका ज्या मंडळांच्या आहेत ती मुळात एकमेकांच्या आजारपणाचा, अंत्यविधीचा खर्च उचलायला निघालेली मंडळं. आज त्याच मिरवणुका टुरिझमचा चेहरा आहेत आणि ट्रम्पेट वाजवणारा पोरगा हॉटेलात भांडी घासून भाडं भरतो.

शिकागोबद्दल वेगळी पोस्ट लागेल, ब्रॉन्झव्हिलची ब्लॅक वस्ती, ब्लॅक लोकांचा डिफेंडर पेपर, आईचं फर्निचर तारण ठेवून काढलेल्या ५०० डॉलरवर जॉन जॉन्सननी उभं केलेलं प्रकाशन, खूप आहे. एवढंच सांगते की १९८० मध्ये तिथे बारा लाखांच्या आसपास ब्लॅक लोक होते, २०२० मध्ये आठ लाखांच्या खाली. ह्यूस्टन, डॅलस स्वस्त आहेत, लोक जातायत, घरं घेतायत, चांगलंच आहे. ओकलंड, सॅन फ्रान्सिस्को तर सामान्य ब्लॅक कुटुंबाच्या हाताबाहेर गेलं.

माझी काळजी सध्या वेगळीच आहे. हे सगळं बघताना एक गोष्ट परत परत दिसते की ब्लॅक मध्यमवर्ग जिथे जिथे उभा राहिला तिथे सरकारी नोकरी, सरकारी कंत्राट किंवा युनियनचा पगार पाठीशी होता, आणि नेमकं तेच आता काढून घेणं चाललंय. अटलांटातल्या फिअरलेस फंडने ब्लॅक बायकांच्या छोट्या धंद्यांना २०,००० डॉलरची मदत देणं सुरू केलं, त्यावर केस झाली, २०२४ मध्ये अपील कोर्टाने ती थांबवली आणि फंडाला ती योजना बंद करावी लागली. २०२५ मध्ये केंद्र सरकारने जी मोठी नोकरकपात केली तिचा फटका पीजीच्या त्याच विटांच्या घरांना बसतोय. मी ज्या काउंटीला पहिला नंबर देतेय तिच्या पायाखालचीच जमीन उकरली जातेय, आणि त्याला कोणी अन्याय म्हणत नाही, काटकसर म्हणतात.

आणि आपण यात बाहेरचे नाही. मी राहते त्या फोर्साइथ काउंटीतून १९१२ मध्ये जवळपास अकराशे ब्लॅक लोकांना धमक्या देऊन, घरं आणि चर्च जाळून हाकलून दिलं होतं, पुढची सत्तरेक वर्षं ही काउंटी जवळजवळ पूर्ण गोरी राहिली, १९८७ मध्ये त्याविरुद्ध वीस हजार लोकांचा मोर्चा इथे निघाला. आज इथल्या शाळा आपल्या मुलांनी भरल्यात, गणपतीत ढोलताशा वाजतो, आणि घर घेताना रिअल्टर 'स्कूल चांगली आहे' सांगतो, हे सांगत नाही. आपल्याला या देशात यायची वाट मोकळी झाली ती १९६५ च्या कायद्याने, आणि तो कायदा सिव्हिल राइट्स चळवळीच्या रेट्यातूनच आला.

म्हणून माझ्या मराठी मंडळींना, खासकरून ग्विनेट आणि कॉबमधल्या मतदारांना एक विनंती आहे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये दोन्ही काउंटीत बस-ट्रान्झिटसाठी एक टक्का सेल्स टॅक्सचं मतदान झालं आणि दोन्हीकडे पडलं, आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'टॅक्स वाढतोय, नो करा' हे मेसेज मी स्वतः वाचलेत. हा विषय परत येणार आहे. तेव्हा नो करायच्या आधी आपल्या ऑफिसात रात्री साफसफाईला येणाऱ्या माणसाला विचारा की तुम्ही घरून किती वाजता निघालात.