प्रश्न गळतो, साक्ष उरते

साक्षीदारांची स्मृती आणि उलटतपासणीची भाषा हा विषय माझ्या भाचीने संशोधनासाठी मांडला होता. आज तिच्या विधी महाविद्यालयात तिला सांगण्यात आले, ‘हे मानसशास्त्रवाल्यांचे काम, तू कायद्यातले काहीतरी घे.’ ऐकल्यापासून माझा संताप ओसरलेला नाही.

माझ्या मावशीने घोडबंदर रस्त्यावर मानपाड्याजवळ अपघात पाहिला होता. ट्रकने स्कूटरला मागून उडवले होते. तिची साक्ष झाली ती कित्येक वर्षांनी. बचाव पक्षाच्या वकिलांनी विचारले, ‘स्कूटर भरधाव मध्ये घुसली, तेव्हा तुम्ही कुठे उभ्या होतात?’ मावशी म्हणाली, ‘बसथांब्यापाशी.’ आपल्या फौजदारी न्यायालयांत साक्ष साधारणपणे प्रश्नोत्तरांच्या रूपात नव्हे, तर सलग निवेदन म्हणून नोंदली जाते. त्यामुळे ‘स्कूटर भरधाव मध्ये घुसली तेव्हा मी बसथांब्यापाशी उभी होते’ अशी नोंद झाली; प्रश्न गळून पडला आणि वकिलांचे वाक्य मावशीच्या तोंडी कायमचे चिकटले. हा प्रश्न कायद्याचा नाही तर कोणाचा?

प्रश्नाच्या शब्दांनी आठवणच बदलते, हे एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्येच दाखवून दिले आहे. अपघाताची एकच चित्रफीत पाहिलेल्यांना गाड्यांचा वेग विचारताना काहींना त्या ‘धडकल्या’ असे म्हटले, तर काहींना ‘आदळून चक्काचूर झाल्या’ असे. आठवड्याने, चित्रफितीत मुळीच नसलेल्या फुटक्या काचा पाहिल्याचे दुसऱ्या गटातील ५० पैकी १६ जणांनी सांगितले; पहिल्या गटात असे ७ जण होते. मावशीचेही तसेच झाले. पुढे ती स्वतःच मला विचारू लागली, ‘स्कूटर खरंच वेगात होती का गं?’ तिच्या चेहऱ्यावरचा तो गोंधळ आठवला की रागापेक्षा वाईटच अधिक वाटते.

उलटतपासणी नसेल तर खोट्या साक्षीवर निरपराध माणूस तुरुंगात जाईल, हे मान्य. तीत सूचक प्रश्न, म्हणजे हवे ते उत्तर सुचवणारे प्रश्न, विचारण्याची मुभा १८७२ च्या पुरावा कायद्याने दिली होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही ती कायम ठेवली आहे. परंतु बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार बालकाला वकील थेट प्रश्न विचारू शकत नाहीत, ते न्यायालयामार्फतच विचारले जातात. बालकासाठी जी काळजी कायद्याला सुचली, तिचा थोडा तरी अंश मावशीसारख्या प्रौढ साक्षीदाराच्या वाट्याला का येऊ नये?

उत्तनची महाराष्ट्र न्यायिक अकादमी आपल्याच ठाणे जिल्ह्यात आहे. तेथे न्यायाधीश, मानसशास्त्रज्ञ आणि संवादाचे अभ्यासक यांनी एकत्र बसून, नावे झाकलेल्या खऱ्या साक्षी ओळीओळीने वाचाव्यात, आणि प्रत्येक वाक्य साक्षीदाराचे की वकिलाचे, हे तपासण्याचे काम विधी शाखेच्या विद्यार्थ्यांना संशोधन म्हणून द्यावे.