ॲड्रिनल ग्रंथी ‘थकतात’, असं कुणी सांगितलं?

एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. त्याचा गोषवारा असा: सततच्या ताणाने ॲड्रिनल ग्रंथी थकतात, त्यांच्यात तयार होणाऱ्या कॉर्टिसॉल या हॉर्मोनचा साठा संपतो, म्हणून सकाळी उठवत नाही, दुपारी गळून जायला होतं, खारट खावंसं वाटतं. उपाय काय, तर लाळेची चाचणी आणि ‘ॲड्रिनल सपोर्ट’च्या गोळ्या. ज्यांना हा त्रास होतो त्यांचा थकवा खरा आहे, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो कारणाबद्दल.

‘साठा संपतो.’ पण साठा असतोच कुठे? मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या या जेमतेम चार-पाच ग्रॅमच्या ग्रंथी कॉर्टिसॉल साठवून ठेवत नाहीत. मेंदूतला हायपोथॅलॅमस त्याच्या खालच्या पिट्युटरी ग्रंथीला इशारा देतो, पिट्युटरी रक्तात एसीटीएच हे हॉर्मोन सोडते आणि ते पोहोचलं की काही मिनिटांत कोलेस्टेरॉलपासून ताजं कॉर्टिसॉल तयार व्हायला लागतं. पातळी पुरेशी झाली की तेच कॉर्टिसॉल वरच्या दोघांना आवरतं घ्यायला लावतं. साठा करते ती थायरॉईड. काही आठवडे सहज पुरेल एवढं हॉर्मोन तिच्यात असतं. दोन ग्रंथींची गल्लत झाली की असले मजकूर जन्माला येतात.

‘ताणाने ग्रंथी झिजतात.’ नेमकं उलटं. एसीटीएच नुसता हुकूम सोडत नाही, ग्रंथीला पोसतंही. ताणाचे अभ्यासक हान्स सेल्ये यांनी १९३६ साली उंदरांना थंडी, इजा, अतिश्रम अशा ताणांना तोंड द्यायला लावलं, तेव्हा त्यांच्या ॲड्रिनल ग्रंथी मोठ्या झालेल्या आढळल्या. ग्रंथी सुकते ती एसीटीएच थांबल्यावर, उदाहरणार्थ बराच काळ बाहेरून कॉर्टिसॉलसारखं स्टेरॉइड घेतल्यावर. हे ध्यानात असू द्या, पुढे लागणार आहे.

‘लाळेच्या चाचणीत कॉर्टिसॉल कमी दिसतं.’ दिसणारच! कॉर्टिसॉल पहाटे चढतं, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात आणखी उसळी घेतं आणि मग मध्यरात्रीपर्यंत उतरत जातं. दुपारचा उतार हा आजार नव्हे. लाळेची चाचणी मुळात खोटी नाही. रात्री उशिराच्या लाळेतलं कॉर्टिसॉल डॉक्टरही तपासतात, पण ते जास्त आहे का हे बघायला, म्हणजे कुशिंग सिंड्रोम या कॉर्टिसॉल फार वाढण्याच्या आजाराच्या संशयापोटी. ‘ॲड्रिनल थकवा’ या निदानाला आधार सापडतो का, हे पाहण्यासाठी २०१६ साली ५८ अभ्यास एकत्र तपासले गेले. सापडला नाही.

‘डॉक्टरांना हे मान्यच नसतं.’ कॉर्टिसॉल खरोखर कमी पडण्याचा आजार इंग्रज डॉक्टर थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्येच लिहून ठेवलाय. त्यात वजन घटतं, रक्तदाब उतरतो, हिरड्या आणि तळहातावरच्या रेषा काळवंडतात, खारट खाण्याची ओढ लागते. बहुतेकदा शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटलेली असते, कधी क्षयरोग कारण असतो. संशय आला तर कृत्रिम एसीटीएच टोचून अर्ध्या तासाने, तासाने रक्त घेतात. ग्रंथीने प्रतिसाद दिला नाही, तर ती निकामी आहे. ‘थोडी दमलीय’ असा निकाल या चाचणीत नसतो.

राहिल्या गोळ्या. अमेरिकेत अशी १२ उत्पादनं तपासली, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. बाराही उत्पादनांत थायरॉईडचं हॉर्मोन निघालं आणि निम्म्याहून अधिक उत्पादनांत स्टेरॉइड हॉर्मोन. लेबलवर त्यांचा पत्ता नव्हता. गोळी घेतल्यावर तरतरी का वाटते, याचं उत्तर कदाचित इथेच आहे. आणि त्यात कॉर्टिसॉलसारखं स्टेरॉइड असेल, तर एसीटीएच दबतं आणि ग्रंथी खरंच सुस्तावते. म्हणून महिनोन्‌महिने असं काही घेत असाल तर एका फटक्यात बंद करू नका. बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा. मूळ थकव्यासाठी हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि साखर तपासून घ्या. रात्री घोरता का, मन उदास असतं का, हेही त्यांना सांगा.