सीपॅप ‘मानवत नाही’ म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डबद्दल

“सीपॅपचं भयाण सत्य, एका निवृत्त सर्जनच्या लेखणीतून” असा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. सर्जनचं नाव नाही, गाव नाही, शेवटी हात जोडलेले इमोजी आणि ‘किमान १० जणांना पाठवा’. (सीपॅप म्हणजे झोपेत श्वास अडकण्याच्या आजारावर, स्लीप ॲप्नियावर, रात्री मास्कने लावायचं दाबाने हवा सोडणारं मशीन.) मेसेजचं म्हणणं असं: मशीनने फुफ्फुसं आळशी होतात, तीन आठवड्यांत झोप सुधारली नाही तर मशीन तुम्हाला मानवत नाही म्हणून बंद करा, त्याऐवजी कोविडमधला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावा, जोडीला झोपेची अर्धी गोळी घ्या, मशीनच्या फोमने कॅन्सर होतो, अमेरिकेत म्हणे सिद्धच झालंय की याने हार्ट अटॅक टळत नाही, आणि खरा इलाज म्हणजे शंख वाजवणं.

एरवी मी असलं काही वाचून डिलीट करते. पण आमच्या सासूबाईंनी हे वाचून मास्क धुतला, पुसला, मशीन पिशवीत भरून कपाटात ठेवलं आणि मग मला फोन केला की “अगं, ते मला मानवतच नव्हतं, आता कळलं का ते.” स्लीप स्टडीत तासाला चाळीसच्या वर वेळा श्वास अडकतो असं निघालंय त्यांचं. बीपीच्या दोन गोळ्या चालू आहेत. त्यामुळे माझा सूर जरा चढा लागला तर समजून घ्या. मी डॉक्टर नाही, घरात हे मशीन सांभाळणारी बाई आहे, पण या निवृत्त सर्जनांपेक्षा मॅन्युअल नक्कीच जास्त वेळा वाचलंय.

मुद्दा १, फुफ्फुसं आळशी होतात. हे लिहिणाऱ्याला व्हेंटिलेटर आणि सीपॅप यातला फरक माहीत नाही. सीपॅप तुमच्यासाठी श्वास घेत नाही, तो तुम्हीच घेता. ॲप्नियात झोपेत घशाचे स्नायू ढिले पडतात, जीभ मागे सरकते आणि रस्ताच बंद होतो, छाती-पोट हलत असतं पण हवा आत जात नाही. मशीन फक्त दाबाने हवा सोडून तो रस्ता उघडा ठेवतं, भाजीवाला चिकटलेली प्लास्टिकची पिशवी फुंकर मारून उघडतो ना, तसं. आणि दाब तरी किती? ४ ते २० सेंटिमीटर पाण्याइतका. आपल्या अंगावर वातावरणाचा जो दाब चोवीस तास असतो तो याच मापात साधारण १०३३ भरतो, म्हणजे १० वर लावलेलं मशीन एखादा टक्का दाब वाढवतं. एवढ्याने फुफ्फुसं आळशी होतात काय! मशीन सोडलं की परत घोरणं सुरू होतं हे बरोबर आहे, पण ते घसा तोच आहे म्हणून, सवय लागली म्हणून नाही. सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात पाच पेशंटवर हा उपाय मांडला, त्याला आता चाळीस वर्षं उलटून गेलीत, काही काल बाजारात आलेलं खूळ नाहीये हे.

मुद्दा २, तीन आठवड्यांत झोप सुधारली नाही तर मशीन मानवत नाही. सगळ्यात जास्त लोक इथे फसतात, कारण अर्धी गोष्ट खरी आहे. हो, मशीन लावूनही झोप वाईट लागू शकते, सुरुवातीला तर आधीपेक्षाही वाईट लागते, तोंडाला रबर बांधून कोण पहिल्या रात्री गाढ झोपणार? पण त्याचा अर्थ ‘मानवत नाही’ असा होत नाही, काहीतरी बिघडलंय आणि ते शोधायचंय असा होतो. आणि शोधायला फार अक्कल लागत नाही, मशीन स्वतःच सकाळी स्क्रीनवर नाहीतर ॲपवर सांगतं: किती तास लावलं, हवा किती गळली, आणि तासाला किती वेळा श्वास अडकला, म्हणजे तो एएचआय आकडा. उपचार चालू असताना तो पाचाच्या खाली यायला हवा. सासूबाईंना विचारलं की हे आकडे कधी बघितलेत का, तर म्हणाल्या, “तो माणूस लावून गेला, त्याने काही सांगितलं नाही.” सांगणार कसा, तो डीलरचा पोरगा, बॉक्स उघडून प्लग लावून सही घेऊन गेला.

तर आधी गळती बघा. सकाळी तोंड कोरडं ठाक पडलेलं असतं का? मग नाकाचा मास्क लावून तुम्ही झोपेत तोंड उघडताय आणि सगळी हवा तिथून पळतेय. नाक चोंदलेलं असेल तर तोंड उघडणारच, त्यामुळे आधी नाकाचं बघा, झोपायच्या आधी सलाइनचा स्प्रे, ॲलर्जी असेल तर ईएनटीला दाखवा, नाहीतर तोंड-नाक दोन्ही झाकणारा मास्क घ्या. (याच ठिकाणी काहीजण तोंडाला टेप लावायचा सल्ला देतात. नाक बंद आणि तोंडाला चिकटपट्टी, कशाला जिवाशी खेळ?) दुसरं म्हणजे गळतंय म्हणून सगळेजण पट्टे आवळतात, आणि तिथेच चुकतं, कारण मास्कची उशी (चेहऱ्याला टेकते ती मऊ कड) हवेने थोडी फुगली तरच नीट बसते, जास्त आवळली की सुरकुती पडते, डोळ्यात वारा जातो आणि नाकावर वण उठतो तो वेगळाच. आडवं पडून, मशीन चालू करून, मग पट्टे जुळवायचे, आरशासमोर उभं राहून नाही. आणि ही मास्कची उशी रोज साध्या साबणाने धुवायची. रात्री चेहऱ्याला क्रीम थापून मास्क लावला तर तो घसरणारच, हे आमच्याकडे प्रत्यक्ष घडलेलं आहे.

मग दाब. बरीच ऑटो मशीन्स, म्हणजे ठरवून दिलेल्या दोन आकड्यांमध्ये दाब स्वतःच कमीजास्त करणारी, येतात तशीच, ४ ते २० वर सोडून दिलेली असतात. कित्येकांना ४ वर अक्षरशः गुदमरल्यासारखं होतं, हवा पुरत नाही म्हणून माणूस मास्क ओरबाडून काढतो आणि मग म्हणतो मानवत नाही. खालचा आकडा थोडा वर नेला की हाच माणूस शांत झोपू शकतो. उलट कुणाला दाब जास्त होतो, पोटात हवा जाते, सकाळी ढेकरांवर ढेकर आणि पोट ड्रमसारखं, त्यांना वरचा आकडा खाली आणून किंवा श्वास सोडताना दाब कमी करणारी सेटिंग चालू करून बरं वाटतं, कुशीवर झोपण्यानेही फरक पडतो. हे आकडे आपल्या मनाने फिरवायचे नाहीत, पण मशीनमधलं नोंदींचं कार्ड काढून छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलात तर काही मिनिटांचं काम आहे. काहीजणांमध्ये मशीन लावल्यावर वेगळाच प्रकार दिसतो, रस्ता उघडा असतो पण मेंदूकडून श्वास घ्यायचा निरोपच मधेमधे येत नाही. बऱ्याचदा तो काही आठवड्यांत आपोआप जातो, पण हार्टचं दुखणं असेल तर लगेच दाखवायलाच हवं.

नाशिकच्या थंडीत अजून एक भानगड होते, हवा ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरची वाफ नळीत थंड होऊन पाणी साचतं आणि नळी रात्रभर हुक्क्यासारखी गुळगुळ करते. मशीन डोक्यापेक्षा खालच्या स्टुलावर ठेवा आणि नळी पांघरुणाखालून घ्या, नाहीतर तापणारी नळी मिळते ती घ्या. टाकीत डिस्टिल्ड पाणी, आणि निलगिरीचं तेल कृपा करून घालू नका, नाक मोकळं करायला ते फुफ्फुसात ओढायचं नसतं.

आकडे सगळे छान, एएचआय दोन-तीन, गळती नाही, तरी दिवसा डोळे मिटतात? मग प्रश्न मशीनचा नाही, बाकीच्या झोपेचा आहे. किती तास झोपता? थायरॉइड, हिमोग्लोबिन कधी तपासलंय? रात्री पाय वळवळतात का? आणि दुपारी जेवून टीव्हीसमोर सोफ्यावर मास्कशिवाय जी तासभर डुलकी होते ती धरलीत का हिशोबात? त्या डुलकीत ॲप्निया होतोच, वर रात्रीची झोपही खाल्ली जाते. शिवाय कितीतरी जणांना ॲप्नियासोबत साधा निद्रानाशही असतो, दोन्ही वेगवेगळे आजार आहेत, आणि निद्रानाशावर सवयी बदलणारी सीबीटी नावाची थेरपी आहे. नऊला अंथरुणात शिरून बारापर्यंत मास्क लावून छताकडे बघत बसायचं आणि घड्याळ पाहत चिडायचं, याने मशीनचाच राग यायला लागतो. घाबरट माणसाने दिवसा मालिका बघताना नुसता मास्क घालून बसावं, मग हवा चालू करून, मग झोप. आमच्याकडे सासूबाईंनी हे केलं होतं, सासरे म्हणाले पायलट दिसतेस, त्यावर चार दिवस मास्क बंद. असो.

मुद्दा ३, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावा. हा मुद्दा वाचून मात्र मला खरंच घाम फुटला, कारण कोविडनंतर निम्म्या सोसायटीत ती मशीन्स पडून आहेत आणि कुणालाही वाटेल की चला, फुकट काम झालं. अहो, रस्ता बंद आहे! बंद दारासमोर टँकर आणून उभा केलात तरी घरात पाणी येत नाही. ऑक्सिजनने बोटावरचा आकडा सुधारलेला दिसतो, म्हणून घरचे निश्चिंत होतात, पण घसा बंद होणं, दचकून अर्धवट जाग येणं, बीपीला धक्के बसणं चालूच राहतं. उलट काहीवेळा श्वास अडकण्याचा काळ लांबतो, आणि वजन खूप असलेल्या ज्या लोकांच्या अंगात आधीच कार्बन डायऑक्साइड साचतो त्यांच्यात तो अजून वाढू शकतो, सकाळी डोकं जड, गुंगी, आणि वेळ आली तर थेट आयसीयू.

आणि हे कुणी तपासलंच नाही असं नाही. २०१४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये नेमकी हीच तुलना छापून आली आहे. हार्टचा आजार किंवा त्याचा धोका असलेले ३१८ ॲप्नियाचे पेशंट, तीन गट, एकाला सीपॅप, एकाला रात्री नळीने ऑक्सिजन, एकाला नुसता जीवनशैलीचा सल्ला. बारा आठवड्यांनी सीपॅपवाल्यांचं चोवीस तासांचं सरासरी बीपी सल्लावाल्यांपेक्षा २.४ ने कमी, ऑक्सिजनवाल्यांचं मात्र सल्लावाल्यांइतकंच. ऑक्सिजनने रात्रीचं सॅच्युरेशन सुधारूनही! २.४ म्हणजे काही फार मोठा आकडा नाही हे मीही मान्य करते, पण तुम्ही जे ‘त्याऐवजी’ लावायला सांगताय त्याने तेवढाही फरक पडला नाही. काही फुफ्फुसाच्या रुग्णांना डॉक्टर सीपॅपच्या नळीत ऑक्सिजन जोडून देतात, ते वेगळं, ते ‘ऐवजी’ नसतं.

मुद्दा ४, झोपेची अर्धी गोळी. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या स्नायू ढिले करतात आणि जाग यायची प्रक्रिया मंदावतात. ज्याचा घसा आधीच ढिला पडतो आणि ज्याला जाग आली म्हणूनच पुढचा श्वास मिळतो, त्याला मशीन काढून ही गोळी द्यायची? रात्रीच्या ‘औषधापुरत्या’ ब्रँडीचंही तेच. एखादे डॉक्टर मशीनची सवय होईपर्यंत ठरावीक गोळी थोडे दिवस देतात, तपासून देतात, शेजाऱ्यांच्या डबीतली देत नाहीत.

मुद्दा ५, फोम आणि कॅन्सर. यात तथ्य आहे, म्हणून चिडचिड जास्त होते. जून २०२१ मध्ये फिलिप्सने पहिल्या पिढीच्या ड्रीमस्टेशनसकट लाखो मशीन्स परत बोलावली, आतला आवाज दाबणारा फोम झिजून त्याचे कण आणि वायू नळीत येण्याची शक्यता होती, आणि कॅन्सरचा संभाव्य धोका कंपनीनेच नोटिशीत लिहिला होता. पण ‘संभाव्य धोका’ आणि ‘कॅन्सर होतो’ यात अंतर आहे, आणि एका कंपनीचा ठरावीक फोम म्हणजे जगातली सगळी मशीन्स नव्हेत. मशीनवरचा मॉडेल आणि सीरियल नंबर कंपनीकडे तपासून घ्या, जुनं सेकंडहँड घेतलं असेल तर नक्कीच. ओझोनने साफ करणारे ते महागडे डबे हा फोम लवकर झिजवू शकतात, ते आधी बंद करा. सासूबाईंचं मशीन मुळात दुसऱ्याच कंपनीचं आहे, हे त्यांना मी फोनवर दोनदा सांगितलं.

मुद्दा ६, हार्ट अटॅक टळत नाही. २०१६ चा सेव्ह नावाचा अभ्यास असावा हा, नुसत्या अमेरिकेतला नाही, त्यात भारतातलेही पेशंट होते. आधीच हृदयाचा किंवा पक्षाघाताचा त्रास असलेले २७१७ जण, आणि खरंच, सीपॅपने पुढचे अटॅक कमी झाल्याचं दिसलं नाही. मान्य. पण मेसेजवाल्याने पुढचं वाक्य गाळलं की ते लोक सरासरी फक्त ३.३ तास मशीन लावत होते, आणि तेवढ्यानेही दिवसाची झोपाळू अवस्था आणि मूड सुधारला. सासूबाई मशीन लावतात ते दुपारी भाजी निवडताना पेंगू नये म्हणून आणि सासऱ्यांना रात्रभर जागं राहून त्यांचे श्वास मोजावे लागू नयेत म्हणून.

मुद्दा ७, शंख. नाइलाजाने सांगते, हे अगदीच हवेतलं नाहीये. जयपूरच्या डॉक्टरांचा छोटा अभ्यास २०२५ मध्ये आला, मध्यम ॲप्नियाचे ३० जण, त्यातल्या काहींनी आठवड्यातून पाच दिवस पंधरा-पंधरा मिनिटं शंख वाजवला, सहा महिने. दिवसाची झोपाळू अवस्था ३४ टक्क्यांनी कमी झाली आणि श्वास अडकण्याचं प्रमाण तासाला सरासरी ४-५ ने घटलं. चांगलंच आहे. आता सासूबाईंच्या चाळीसमधून पाच वजा करा आणि सांगा काय उरतं ते. शिवाय तो प्रयोग मध्यम आजारावर होता, त्यांच्यासारख्या सिव्हिअरवर नाही, आणि ‘मशीन फेका’ असं त्या डॉक्टरांनी कुठेही म्हटलेलं नाही. शंख हवा तर वाजवा बापडे, संध्याकाळी दिवेलागणीला, खालच्या मजल्यावरच्यांना विचारून. सासूबाईंना मी सांगितलंय, मशीन कपाटातून काढा, कार्ड पर्समध्ये टाका, शनिवारी मी येते, डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतलीये साडेअकराची.