हिवाळी युरोप: मोकळीक हवी असेल तर काही गोष्टी आधी ठरवाव्याच लागतात

"नोव्हेंबर ते मार्च युरोप रिकामा असतो. सगळं निम्म्या भावात मिळतं. शेंगेन व्हिसा काढा, रेल्वेचा युरेल पास घ्या, पाठीवर सॅक टाका आणि काहीही न ठरवता मन नेईल तिकडे जा." या आशयाचा मजकूर गटागटांतून फिरत असतो. शेंगेन व्हिसा म्हणजे युरोपातल्या २९ देशांत चालणारा एकच व्हिसा, आणि युरेल पास म्हणजे अनेक देशांच्या रेल्वेंत चालणारा एकच पास. हिवाळ्यात घाई न करता, मोकळ्या मनाने फिरण्याची कल्पना आम्हालाही मनापासून आवडते. पण हा सल्ला ज्यांना युरोपात शिरायला व्हिसाच लागत नाही अशांच्या सवयीतून आलेला आहे. भारतीय पासपोर्टवर तो जसाच्या तसा वापरला, तर पैसे वाया जातात आणि पुढचा व्हिसाही अडचणीत येऊ शकतो.

"व्हिसा मिळाला की २९ देश मोकळे." हे अर्धंच खरं आहे. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा, तिथूनच बेत ठरायला लागतो. ज्या देशात सर्वाधिक मुक्काम, त्याच्याकडे अर्ज. मुक्काम सारखेच असतील तर जिथून प्रवेश करणार त्या देशाकडे. मुंबई-पुण्याच्या केंद्रांत अर्जासोबत प्रत्येक रात्रीच्या निवाऱ्याचा पुरावा, प्रवासाची रूपरेषा आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा द्यावा लागतो. मोठ्या माणसाचं शुल्क ९० युरो आहे आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. वाटेत बेत थोडा बदलणं गुन्हा नाही. पण फ्रान्सचा व्हिसा घेऊन फ्रान्समध्ये पाऊलच ठेवलं नाही, तर सीमेवर किंवा पुढच्या अर्जाच्या वेळी त्याचं उत्तर द्यावं लागतं. खोटी बुकिंगं जोडून व्हिसा काढण्याचा सल्लाही याच मजकुराला चिकटून येतो. तो कृपया ऐकू नका. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी असा नियम आहे की, मागच्या ३ वर्षांत दोन व्हिसा घेऊन ते नीट वापरले असतील, तर साधारणपणे दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो. खरी मोकळीक तो देतो. एका सहलीसाठी ती वाट बंद करून घेऊ नये.

व्हिसाच्या स्टिकरवरचे दोन रकाने नीट वाचा. एक प्रवेशसंख्येचा. तिथे ०१ असेल, तर एकदाच आत येता येतं; लंडन, डब्लिन, बेलग्रेड किंवा सारायेव्हो अशा शेंगेनबाहेरच्या शहरांत गेलात की परतीचं दार बंद. क्रोएशियात स्प्लिटहून दुब्रोवनिकला जाणारी बस शेंगेनबाहेरच्या बोस्नियातल्या नेउममधून जाते की २०२२ मध्ये सुरू झालेल्या पेल्येशाच पुलावरून, हेसुद्धा तिकीट काढण्याआधी विचारून घ्या. दुसरा रकाना दिवसांचा. वैधतेच्या तारखा ऐसपैस दिसतात, कारण त्यात सहसा १५ दिवसांची सवलत धरलेली असते. राहता येतं ते मात्र या रकान्यात लिहिलेले दिवसच. त्यात येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस धरले जातात. रात्री साडेबाराच्या विमानासाठी पासपोर्ट तपासणी मध्यरात्रीनंतर झाली, तर आणखी एक दिवस मोजला जातो.

"युरेल पास असला की समोर येईल त्या गाडीत चढा." जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या बहुतेक देशांतर्गत गाड्यांत हे चालतं. फ्रान्सची टीजीव्ही, स्पेनची आवे, इटलीची फ्रेचारोसा आणि देशादेशांमधली युरोस्टार या वेगवान गाड्या आणि जवळजवळ सगळ्या रात्रीच्या गाड्या यांना पास असला तरी वेगळं, सशुल्क आरक्षण लागतं. टीजीव्हीला साधारण १० ते २० युरो, युरोस्टारला त्याहून जास्त. या दोन गाड्यांत पासधारकांचा कोटाही मर्यादित असतो. गाडीत जागा रिकाम्या असूनही कोटा संपला म्हणून पासवाल्याला पूर्ण तिकीट काढावं लागतं, आणि आयत्या वेळचं ते तिकीट सर्वांत महाग असतं. इटलीतली इटालो आणि स्पेनमधली उईगो या गाड्यांत हा पास चालतच नाही. म्हणून पास घेण्याआधी एक साधा हिशेब करा: पासची किंमत भागिले प्रवासाचे दिवस, अधिक आरक्षण; आणि ते साध्या तिकिटाशी ताडून पाहा. फ्लॉरेन्स ते पिसासारखा टप्पा असेल, तर इटलीच्या प्रादेशिक गाडीचं तिकीट महिनाभर आधी काढा नाहीतर त्याच सकाळी, भाव तोच. बेत न ठरवणाऱ्यासाठी अशा गाड्या सोन्यासारख्या. फक्त कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारायला विसरू नका, नाहीतर दंड होतो.

"सगळं निम्म्या भावात." नोव्हेंबरचे पहिले तीन आठवडे आणि ७ जानेवारीनंतरचे काही आठवडे बऱ्याच शहरांत खरंच स्वस्त असतात. पण नोव्हेंबरअखेरपासून नाताळपर्यंत न्यूरेंबर्ग, स्ट्रासबुर्ग आणि व्हिएन्नात नाताळ-बाजारांची गर्दी असते. कार्निव्हलच्या दिवसांत व्हेनिस महागतं. फेब्रुवारीत शाळांच्या सुट्ट्या लागतात तेव्हा आल्प्समधल्या स्कीच्या गावांचा भर हंगाम असतो. फ्रँकफुर्ट, मिलान, बार्सिलोनात मोठं व्यापारी प्रदर्शन असलं की साध्या खोलीचाही भाव चढतो. स्वस्त विमानांत पुढच्या आसनाखाली बसणारी छोटी बॅग तेवढी फुकट असते. हिवाळी कपड्यांची सॅक त्यात मावत नाही आणि तिचे पैसे कधीकधी तिकिटापेक्षा जास्त होतात.

"गर्दी नाही, सगळं उघडं." गर्दी नसते कारण बरंच काही बंद असतं. ग्रीक बेटांवरची अनेक हॉटेलं वसंतापर्यंत उघडत नाहीत, फेऱ्या कमी होतात आणि वारा चढला की बोटी बंदरातच थांबवल्या जातात. सांतोरिनीला जायचंच असेल, तर परतीच्या विमानाआधीच्या दोन रात्री अथेन्समध्ये ठेवा. आल्प्समधल्या कित्येक रोपवे नोव्हेंबरमध्ये देखभालीसाठी थांबतात. स्वित्झर्लंडमधली ग्लेशियर एक्सप्रेस ही पर्यटकांची रेल्वेगाडी ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत धावत नाही. जर्मनी-ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद. २४ डिसेंबरच्या दुपारपासून २६ पर्यंत मोठ्या स्टेशनांतली दुकानं तेवढी आधाराला. छोट्या हॉस्टेलांचं स्वागतकक्ष रात्री लवकर बंद होतं, तेव्हा उशिरा पोहोचणार असाल तर दाराचा कोड आधी मागवा. डिसेंबरअखेर बर्लिनला जेमतेम पावणेआठ तास उजेड असतो, पॅरिसला सव्वाआठ, रोमला नऊच्या थोडं वर; मुंबईत तेव्हा जवळपास अकरा. दिवसाला दोन शहरं हा बेत इथेच मोडतो.

मग मोकळं फिरायचं कसं? प्रदेश लहान घ्या आणि दोन्ही टोकं पक्की करा. १६ रात्रींचं एक उदाहरण: सुरुवातीच्या ४ व्हिएन्ना, मग ३ साल्झबुर्ग, शेवटच्या ३ पुन्हा व्हिएन्ना. ऑस्ट्रियाच्या १० रात्री झाल्या, अर्ज ऑस्ट्रियाकडे. मधल्या ६ रात्री शेजारच्या स्लोव्हाकियातलं ब्रातिस्लाव्हा आणि चेकियातली बर्नो व प्राग यांत वाटून, रद्द करता येईल अशी खरीखुरी बुकिंगं करा. व्हिएन्नाहून ब्रातिस्लाव्हा तासाभरावर, बर्नो दीड तासावर, प्राग चार तासांवर, आणि या मार्गांवरच्या बहुतेक गाड्यांत आरक्षणाची सक्ती नाही. प्रागला बर्फ पडत असेल तर बर्नोत दोन रात्री वाढवा. फक्त बुकिंग फुकट रद्द करण्याची मुदत तारीख आणि वेळेसह, तिथल्या घड्याळाप्रमाणे लिहून ठेवा. भारतातली वेळ हिवाळ्यात साडेचार तास पुढे असते. सीमा ओलांडताना पासपोर्ट अंगावरच ठेवा. शेंगेनच्या आतही जर्मनीसारख्या देशांनी सीमेवर तपासणी पुन्हा सुरू केली आहे, आणि मोबाइलमधला फोटो तिथे चालत नाही.